ड्रॉइंगवर नसलेला फुगवटा

मी युरोपला कधी गेलो नाही. युरोपच एकदा माझ्याकडे आला. अकरा लाकडी खोक्यांत भरून, न्हावाशेवा बंदरातून ट्रकने, आणि रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या ओतशाळेच्या दारात उतरला. त्यामुळे युरोपातल्या कारखानदारीचं पुढे काय होणार, यावर शहाण्या माणसांनी लिहिलेले लेख वाचताना मला हसू येतं. त्या लेखांत टक्के असतात, खोकी नसतात. यंदाच्या अंकासाठी 'तुमच्या कामातलं काहीतरी लिहा' असा निरोप आला, तेव्हा मला ती खोकीच आठवली.

आधी काम सांगतो, कारण पॅटर्नमेकर म्हटलं की निम्मे लोक मला शिंपी समजतात. बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कुठलीही वस्तू, मग तो पंप असो की गटाराचं झाकण, आधी लाकडात घडवावी लागते. त्या लाकडी वस्तूला पॅटर्न म्हणायचं. तो वाळूत दाबून काढून घेतला की वाळूत त्याच आकाराची पोकळी राहते. तिच्यात वितळलेलं बीड ओतायचं. आता बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी आमची मोजपट्टीच वेगळी असते. माझ्या पट्टीवरचा सेंटिमीटर तुमच्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा. नवीन लग्न झालेलं असताना मी घरच्या पडद्यांचं माप त्या पट्टीने घेतलं होतं. पडदे दोन बोटं आखूड झाले, आणि ते फाटेपर्यंत बायकोने बदलू दिले नाहीत. आल्यागेल्याला ती ते मुद्दाम दाखवायची.

मी मूळचा पेणचा, गणपतीच्या कारखानदाराच्या घरातला. आमच्याकडे पोराला पाटी मिळायच्या आधी शाडूचा गोळा मिळायचा. साच्यातून मूर्ती निघाली की पहिलं काम म्हणजे तिच्या अंगावरची सांध्याची रेघ आणि चुकून आलेले गोळे खरवडून काढणं. त्याला डोकं लागत नाही. बोलणं चालू असतं, चहा चालू असतो, हात आपला खरवडत असतो. पुढे मी सुतारकाम शिकलो, रोह्याला ओतशाळेत लागलो, तेव्हा वडील म्हणाले, "देवाच्या कामातून लोखंडाच्या कामात चाललास. जा. पण हात पेणचाच राहणार तुझा." ते कौतुक होतं की शाप, हे मला बरीच वर्षं कळलं नाही.

ओतशाळा इक्बालशेठची. रोह्याचेच. बारा वर्षं आखातात पंपांच्या दुरुस्तीत काढून, तिथल्या कमाईवर त्यांनी ही भट्टी उभी केली होती. माणसं आम्ही बावीस. आणि वाळूचे साचे बांधणारा आमचा मोल्डर हसुराम. तो पेणजवळच्या जिते गावाच्या बाजूचा, खाडीकाठचा, मिठागरात वाढलेला. सकाळच्या गाडीत तो आधीच बसलेला असायचा, मी पेणला चढायचो. मिठागराचा चिखल पायाने ओळखणाऱ्या घरातला तो माणूस. वाळूची मूठ आवळून सोडली की पाणी किती झालं ते सांगायचा, आणि त्याचं सांगणं यंत्राच्या आकड्याशी जुळलं नाही तर आम्ही यंत्र दुरुस्तीला पाठवायचो.

नव्वदनंतरची ती वर्षं. बाजार खुला झाला होता. आसपासचे केमिकल कारखाने आमच्याकडून पंपांची कवचं घ्यायचे, ते आता बाहेरून तयार पंप मागवू लागले. पेपरात रोज यायचं की परदेशी कंपन्या आल्या, आता देशी छोट्या कारखान्यांचं काही खरं नाही. आमची भट्टी आठवड्यात सहा दिवस पेटायची, ती दोन दिवसांवर आली. आणि नेमक्या त्याच सुमाराला इक्बालशेठच्या आखातातल्या ओळखीतून जर्मनीतल्या एका पंप कंपनीची विचारणा आली. त्या कंपनीने स्वतःची ओतशाळाच बंद करायचं ठरवलं होतं. त्यांचे पॅटर्न आमच्याकडे येणार, कवचं आम्ही ओतायची आणि त्यांच्याकडे पाठवायची. अट एकच. पहिली तीन कवचं त्यांच्या खरेदी साहेबासमोर पाण्याच्या दाबावर टिकली पाहिजेत. नाही टिकली तर खोकी तशीच पुढे, पूर्व युरोपातल्या कुठल्याशा ओतशाळेकडे.

"मास्तर, ही खोकी परत गेली ना, तर आपली भट्टी थंड झाली समजा," इक्बालशेठ मला म्हणाले. त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं, पण सगळ्या शेडला ते आधीच कळलेलं होतं.

खोक्यांच्या मागोमाग क्राउस आला. त्या कंपनीच्या पॅटर्न खात्याचा फोरमन. साठीला टेकलेला, लाल चेहऱ्याचा, जाड बोटांचा. पॅटर्न आमच्या हाती सोपवण्यासाठी त्याला तीन आठवडे पाठवलं होतं, आणि परत गेल्यावर त्याला घरी बसायचं होतं. त्याचं इंग्रजी अर्धं, माझंही अर्धं, पण दोन्ही मिळून एक होत नव्हतं. बाकीचं आम्ही हाताने बोलायचो.

पहिलं खोकं फोडलं तेव्हा मी हातातली पटाशी खाली ठेवली. लाल रंग दिलेले पॅटर्न, प्रत्येकावर पितळी आकडे, सांधा कुठे आहे ते नखाला लागत नव्हतं. काही माझ्या जन्माआधीचे. मनात म्हटलं, असं काम करणाऱ्यांची ओतशाळा बंद पडते, मग आम्ही कुठल्या झाडाचा पाला? मी क्राउसला विचारलं, का बंद केली? त्याने बोटं मोजली. बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्वेकडची जुनी गिऱ्हाइकं आटली, हे एक. विजेचं बिल, दोन. धुराचे नियम, तीन. पगार, चार. पाचवं बोट तो धरून बसला आणि म्हणाला, "आणि आमच्या पोरांना भट्टीजवळ उभं राहायचं नाही. तुमच्या पोरांना राहायचंय?" माझा मुलगा तेव्हा पनवेलला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होता.

क्राउसचं आणि माझं पहिल्या आठवड्यात अजिबात जमलं नाही. तो माझी पटाशी उचलून धार बघायचा आणि काही न बोलता खाली ठेवायचा. चांगली म्हणायचा नाही, वाईटही नाही. मी एकदा चिडून त्याची पटाशी तशीच उचलली, धार बघितली, आणि तशीच खाली ठेवली. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला आणि त्याने मला त्याच्या डब्यातली काळ्या पावाची चकती दिली. फार आंबट होती, तरी मी ती कौतुकाने गिळली.

समुद्राच्या दमट हवेने काही पॅटर्नचा सरस सुटला होता. ते दुरुस्त करणं माझं काम. आता जे घडलं ते सांगतो. अकरातली दोन खोकी अजून बंदरात अडकली होती म्हणून क्राउस कस्टमच्या कचेरीत गेला होता. माझ्यासमोर सगळ्यात मोठ्या कवचाचा पॅटर्न होता, शंखासारखा वळलेला. त्याच्या पायाजवळ, जाड भाग पातळ भिंतीला मिळतो तिथे, सुपारीएवढा एक फुगवटा होता. मी ड्रॉइंग बघितलं. ड्रॉइंगवर तो नव्हता. कुणीतरी कधीतरी भेगा बुजवायची लुकण भरताना जास्त भरली असणार. मी हसुरामशी त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाबद्दल बोलत होतो, आणि बोलता बोलता माझ्या हाताने तो फुगवटा खरवडून, कानस मारून, पॉलिश करून साफ केला. वर रंगही दिला. पॅटर्न असा गुळगुळीत दिसत होता की मला वाटलं, क्राउस आल्यावर खूश होईल.

पहिलं कवच ओतलं. थंड झालं, साफ केलं, तोंडं बंद करून आत पाणी भरलं, दाब वाढवला. बाहेरून आम्ही खडू फासतो, म्हणजे पाणी झिरपलं की पांढऱ्यावर काळं दिसतं. पायाजवळ काळा डाग उमटला आणि हळूहळू पसरला. ओतशाळेच्या भाषेत, कवचाला घाम आला. बाहेरून बीड धड दिसतं, पण आत ते स्पंजासारखं पोकळ राहिलेलं असतं. पुन्हा ओतलं. त्याच जागी पुन्हा घाम. खरेदी साहेब यायला चार दिवस उरले होते.

आपल्या पॅटर्नवर क्राउसला शंकाच नव्हती, त्याने थेट वाळूकडे बोट दाखवलं. वाळू ओली, वाफ धरते, म्हणून पोकळी होते. इक्बालशेठ हसुरामकडे वळले. हसुराम गप्पच माणूस, पण त्या दिवशी बोलला.

"शेठ, माझी वालू बराबर हाय. दुसरा कोन आनायचा तर आना, मना काय नाय. पन वालूला नाव ठेवू नका."

"अरे हसुराम, कुणीतरी चुकतंय ना? मग कोण चुकतंय?"

"ते मना काय म्हायीत? मी नाय, येवढं म्हायीत हाय."

दुसऱ्या दिवशी माणगावहून दुसऱ्या मोल्डरला बोलवायचं ठरलं. हसुराम संध्याकाळच्या गाडीत माझ्यासमोर बसला होता. पेणला उतरताना मी म्हटलं, येतो रे. त्याने खिडकीबाहेर बघितलं.

घरी गेलो तर भावाच्या कारखान्यात भावजय साच्यातून काढलेल्या मूर्ती साफ करत होती. आईशी बोलणं चालू होतं आणि हातातली कोरणी मूर्तीच्या पायाजवळचा एक गोळा खरवडत होती. मी दारातच उभा राहिलो. चप्पल काढायचंही राहिलं.

"काय झालं भावजी? असं काय बघता?" तिने विचारलं.

आई म्हणाली, "गो, पाणी आण त्याला. तोंड बघ कसं झालंय."

ओतकामात जाड आणि पातळ भाग जिथे मिळतात तिथे बीड सगळ्यात शेवटी गोठतं. आजूबाजूचं आधी गोठून आपल्याकडे ओढून घेतं आणि मधे पोकळी राहते. तिथे मुद्दाम थोडं जास्त बीड ठेवलं तर त्या जागेला गोठेपर्यंत खुराक मिळतो आणि पोकळी होत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून माझ्या हाताने विचारलं नाही. पेणच्या हाताला मूर्तीवर गोळा दिसला आणि त्याने तो काढला.

सकाळी मी क्राउसला, इक्बालशेठना आणि हसुरामला एकत्र उभं केलं आणि सांगितलं की वाळूचा दोष नाही, फुगवटा मी काढला. क्राउसने पॅटर्न हातात घेतला, त्या जागेवरून अंगठा फिरवला, आणि मग जर्मनमध्ये काय बोलला ते मला कळलं नाही, पण अर्थ कळायला अडचण नव्हती. मी त्याला पूर्ण बोलू दिलं. तो थांबला तेव्हा माझीही सटकली. चूक माझी होतीच, पण एकट्याची नव्हती. मी ड्रॉइंग त्याच्यासमोर पसरलं.

"दाखवा. कुठे आहे? इतकी वर्षं तुम्ही हे कवच ओतता आणि एवढी मोठी गोष्ट कागदावर नाही?"

तो ड्रॉइंगवर वाकला. मग खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "माझ्या उस्तादाने मला सांगितलं होतं, हे लिहू नकोस. लिहिलंस तर ते कागद ठेवतील आणि तुला घालवतील." ड्रॉइंग गुंडाळत म्हणाला, "मी नाही लिहिलं. तरी घालवलं."

इक्बालशेठनी खिशातून रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. हसुरामला मी मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "मंग आता परत लावा ना तो. मानूस हाय समोर."

पण क्राउसला मापं पाठ नव्हती. लुकण वर्षानुवर्षं झिजत गेली की तो अंदाजाने भरायचा. चुकीच्या मापाने ओतून बघायला वेळ नव्हता. मी दुपारची एसटी पकडून पेणला गेलो, भावाकडून ओल्या फडक्यात गुंडाळून शाडू आणला, आणि पॅटर्नवर तो फुगवटा मातीत चढवला. क्राउसला म्हटलं, डोळे मिटा आणि अंगठ्याने सांगा. तो डोळे मिटून बसला. मी माती चढवायची, त्याने अंगठा फिरवायचा. मान हलवायचा. जास्त. मी काढायचो. कमी. मी चढवायचो. खालच्या बाजूला उतार हवा होता, तो मला सुचलाच नसता. त्याने माझं बोट धरून तो उतार माझ्या बोटाने दिला. अख्खी शेड काम सोडून बघत होती. शेवटी त्याचा अंगठा एकदा फिरला, परत फिरला, आणि तिथेच थांबला. डोळे न उघडता त्याने "या" म्हटलं. जर्मनमध्ये होकार असाच देतात.

त्या मातीवरून मी प्लास्टरचा ठसा घेतला आणि ठशावरून सागवानात फुगवटा कोरला. ओतणीच्या आधी हसुरामने वाळूची मूठ क्राउससमोर धरली. त्याने ती आवळून बघितली आणि हसुरामसमोर मान खाली घातली. माफी मागायची ती रीत होती की काय ठाऊक नाही. हसुरामने त्याला तंबाखू दिली.

खरेदी साहेब आला. तरुण, टायवाला, ओतशाळेत रुमाल नाकाला लावून फिरणारा. तिन्ही कवचं दाबावर लावली. अर्धा तास खडू पांढराच राहिला. तिसऱ्या कवचाच्या वेळी मी ती जागा बघूच शकलो नाही, हसुरामच्या तोंडाकडे बघत होतो. हसुराम सुपारी चघळत होता, म्हणजे सगळं ठीक होतं.

साहेबाने सही केली आणि लगेच भाव कमी करा म्हणाला. पूर्वेकडचे लोक याहून कमी सांगतायत. आणि मग त्याची नजर फुगवट्यावर गेली. "हे काय? ड्रॉइंगवर नाही. प्रत्येक कवचामागे एवढं बीड आम्ही उगाच विकत घ्यायचं? काढून टाका. आम्ही तुमच्याकडे आलो ते तुम्ही स्वस्त आहात म्हणून."

क्राउस माझ्याकडे बघत होता. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "साहेब, आम्ही स्वस्त नाही. आम्ही चांगले आहोत. स्वस्त हवं असेल तर आत्ता काढतो हा फुगवटा. पण मग चाचणीच्या कागदावर तुमची सही हवी, की तुम्ही सांगितलं म्हणून काढला. कवचाला घाम आला तर तो तुमचा."

त्याने सही केली नाही. भाव थोडा उतरवून घेतला तो घेतलाच, त्यात इक्बालशेठचा इलाज नव्हता. पण खोकी रोह्यात राहिली आणि भट्टी पुन्हा सहा दिवस पेटू लागली. जाताना क्राउसने त्याची आकसणाऱ्या बीडासाठीची मोजपट्टी माझ्या हातात ठेवली. पितळी टोकांची, आकडे झिजलेले. आता मला हिचा उपयोग नाही म्हणाला. ती अजून माझ्याकडे आहे, आणि तिने मी पडद्यांची मापं घेत नाही.

पाचेक वर्षं आम्ही ती कवचं ओतली. एकही परत आलं नाही. मग दशक संपता संपता ती जर्मन कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली, आणि नव्या मालकाचा फॅक्स आला. पॅटर्न परत पाठवा. काम पूर्वेकडे हलवलं आहे. आभार वगैरे दोन ओळी होत्या. शेवटी एक वाक्य होतं, सर्व पॅटर्न ड्रॉइंगप्रमाणे असल्याची खात्री करावी.

पॅटर्न त्यांचेच होते, द्यायलाच हवे होते. यावेळी आमची भट्टी थंड पडणार नव्हती, कारण ती जर्मन कवचं बघून जवळपासचे कारखाने पुन्हा आमच्याकडे वळले होते. पण राग यायचा तो आलाच. मी तो मोठा पॅटर्न समोर घेतला, पटाशीला धार लावली, आणि फुगवटा काढला. यावेळी बोलत नव्हतो. पूर्ण लक्ष देऊन काढला, कानस मारली, पॉलिश केलं, रंग दिला. ड्रॉइंगप्रमाणे. हसुराम बाजूला उभा होता. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

चारेक महिन्यांनी पुन्हा फॅक्स आला. मोठ्या कवचाला पायाजवळ पाणी झिरपतं, नव्या ओतशाळेत तीन वेळा प्रयत्न झाले, तुम्ही काय करत होता ते कळवावं. इक्बालशेठ खो खो हसले. म्हणाले, "लिहा, या म्हणावं रोह्याला, दाखवतो." शेडमध्ये तो फॅक्स हातोहात फिरला. हसुरामपर्यंत गेला. त्याला मी वाचून दाखवला. सगळे हसले, तो हसला नाही.

"म्हंजी तिथं आता कुनाच्या तरी वालूला नाव ठेवलं असंल," तो म्हणाला.

मला संध्याकाळच्या गाडीतला तो खिडकीबाहेर बघणारा हसुराम आठवला. जो फॅक्स पाठवतो त्याच्या शर्टाला घाम येत नाही. घाम मोल्डरला येतो, त्या देशातही.

फॅक्सला आम्ही उत्तर दिलं नाही. घरी शाडूच्या त्या गोळ्यावरून काढलेला प्लास्टरचा ठसा मी जपून ठेवला होता. त्यावरून सागवानात पुन्हा फुगवटा कोरला, उतारासकट. तो एका बिस्किटाच्या डब्यात कापूस घालून ठेवला. इक्बालशेठनी डोक्याला हात लावला. "मास्तर, ते आता आपलं गिऱ्हाईक नाय. फुकट द्यायचा?" मी म्हटलं, "कंपनीला नाही देत." मग त्यांनीच बसून चांगल्या इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. पाकिटावर खरेदी खात्याचं नाव नव्हतं. फॅक्सवर होता तो नव्या ओतशाळेचा पत्ता, आणि वर फक्त 'पॅटर्नमेकर' एवढंच.

चिठ्ठीत तीन वाक्यं होती. हा पायाजवळ लाव, उतार खाली येऊ दे. तुझ्या मोल्डरची वाळू बरोबर आहे, हे त्याला सगळ्यांसमोर सांग. आणि हे ड्रॉइंगवर काढू नकोस.